जुन्या ट्रकचा चोक आणि माझे साडेएकोणीस हजार

वडिलांचा ठाण्यात मंडपाचा धंदा होता. १९७८ साली त्यांनी महिंद्राचा एफसी-१५० ट्रक सेकंडहँड घेतला. पेट्रोलवर चालणारं जीपचंच २.२ लिटरचं इंजिन, पण केबिनमध्ये दोन सीटच्या मधोमध, पत्र्याच्या झाकणाखाली. धंदा बंद झाला, वडीलही गेले, ट्रक मात्र आम्ही ठेवला. गुढीपाडव्याला कोपिनेश्वर मंदिराच्या शोभायात्रेत आमच्या सोसायटीचा चित्ररथ त्याच्यावरच असतो. ज्यांच्याकडे अजून कार्बोरेटरची, म्हणजे पेट्रोल आणि हवेचं मिश्रण करून इंजिनाला देणाऱ्या जुन्या यंत्राची गाडी आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

तक्रार साधी होती. सकाळी चोक ओढून स्टार्टर मारला की इंजिन लागायचं आणि दहा सेकंदांत बंद पडायचं. पाच-सहा वेळा हेच. कसंबसं गरम झालं की मग दिवसभर काही त्रास नाही.

वागळे इस्टेटच्या बाजूला एक मिस्त्री आहे, जुन्या गाड्या करतो असं कळलं. ट्रक तिथवर नेला. त्यानं झाकण उचललं, स्लोचा (गाडी उभी असताना इंजिन ज्या वेगानं फिरतं त्याचा) स्क्रू आवळला, रेस वाढली, इंजिन झकास वाजायला लागलं. "झालं शेठ." ट्युनिंगचे १,८०० रुपये. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. परत गेलो, तर म्हणाला जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोलची बारीक छिद्रं) गेलेत, किट टाकावं लागेल. ४,२०० रुपये. तिसऱ्यांदा त्यानं मान हलवली आणि सांगितलं, कार्बोरेटरची बॉडीच वाकलीय, बदलल्याशिवाय इलाज नाही. १३,५०० रुपये घेतले, बिल दिलं नाही. मीही मागितलं नाही. एअर क्लीनरच्या क्लिपवर लाल रंगाचा ठिपका लावून बजावलं, "सेटिंग सील केलंय. उघडलंत तर माझी जबाबदारी नाही."

आणि सकाळी ट्रक खरोखरच चालू राहिला! मी त्याला फोन करून आभार मानले.

मग हळूहळू केबिनमध्ये पेट्रोलचा वास यायला लागला. सायलेन्सरमधून काळा धूर. पीयूसीला गेलो तर धुरातला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ३ टक्क्यांच्या मर्यादेबाहेर. इंजिन ऑइल तपासलं तर पट्टीवरची पातळी उलट वाढलेली, आणि ऑइलला पेट्रोलचा वास. मिस्त्री म्हणाला नवीन कार्बोरेटर आहे, बसायला वेळ लागतो. पाडव्याला चित्ररथ घेऊन निघालो. माणसांच्या चालीनं जायचं, पण रेस एवढी की पहिल्या गिअरमध्येही ट्रक पुढे ओढायचा. सतत क्लच दाबून क्लच जळाल्याचा वास सुटला. तलावपाळीला प्लग काजळून ट्रक जागेवर उभा राहिला. लेझीमच्या पथकातल्या मुलांनी चित्ररथ ढकलत बाजूला घेतला. त्या वेळी वडिलांची फार आठवण आली.

विटाव्याला एक काका आहेत. टॅक्सीचे कार्बोरेटर करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांचं पहिलंच वाक्य असं होतं: "आत्ता आणू नकोस रे बाळा. रात्री आणून ठेव, मी सकाळी थंड असताना बघतो."

इथेच माझे डोळे उघडले. चोकचं आणि फास्ट आयडलचं दुखणं फक्त थंड इंजिनाच्या पहिल्या तीन-चार मिनिटांत दिसतं. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, बरंचसं आतच भिंतींना चिकटून राहतं. म्हणून चोकची झडप हवा अडवते आणि मिश्रण जाड करते. ऑइलही घट्ट असतं, म्हणून चोक ओढला की एक छोटी दांडी थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटरनं उघडणारी झडप) किंचित उघडा धरते. ते फास्ट आयडल. मी मात्र तिन्ही वेळा वागळे इस्टेटपर्यंत चालवत, इंजिन गरम करूनच ट्रक नेला होता. गरम इंजिनावर स्लो वाढवून कोणीही छान आवाज ऐकवू शकतो. त्या मिस्त्रीला हे माहीत नसणं शक्य नाही.

सकाळी काकांनी एअर क्लीनर काढला आणि मला बोलावलं. चोकची झडप बारीक तारेनं अर्धी बंद बांधून ठेवली होती. म्हणून सकाळी इंजिन चालत होतं आणि दिवसभर पेट्रोल पीत होतं. फास्ट आयडलची दांडी काढूनच टाकलेली. "नवीन" कार्बोरेटर म्हणजे चंदेरी रंग मारलेला जुना, रंगाखाली गंज. मूळ दोष? चोकच्या केबलचं कव्हर धरणारा क्लॅम्प सैल. नॉब ओढला की तारेऐवजी कव्हरच सरकायचं, झडप पूर्ण मिटायची नाही आणि दांडी थ्रॉटलपर्यंत पोचायचीच नाही. एक स्क्रू आवळायचा होता.

काकांनी क्लॅम्प आवळला. नॉब ओढल्यावर झडप पूर्ण मिटते आणि आत ढकलल्यावर सरळ उभी राहते, हे मला टॉर्चनं दाखवलं. दांडी त्यांच्याकडच्या डब्यातून शोधून घासून बसवली. मग इंजिन गरम करून, चोक पूर्ण उघडा ठेवून स्लो ६०० आरपीएमवर (मिनिटाला ६०० फेरे) आणला. त्यानंतरच फास्ट आयडलला हात लावला, आणि तो बरोबर बसला की नाही ते दुसऱ्या सकाळी पाहिलं. क्रम उलटा केला तर स्लोची चूक फास्ट आयडलमध्ये लपते, असं ते म्हणाले. इंजिन ऑइल आणि प्लगही बदलले. दोन दिवस मोडूनही ५०० रुपयांवर मजुरी घेईनात.

मिस्त्रीकडे जाऊन मूळ कार्बोरेटर मागितला. "भंगारात गेला." बिल नाही, त्यामुळे ग्राहक आयोगात काय दाखवणार? बदललेला पार्ट त्याच दिवशी, तिथेच, हातात मागून घ्यायला हवा होता. पैसे मोजण्याआधी.

तो कार्बोरेटर भंगारात गेला यावर माझा विश्वास नाही, विकला असणार. एका नळीचा आहे. चोकच्या लिव्हरवर पितळेची जाडसर झाळ आहे, वडिलांनी १९८६ च्या गणपतीआधी स्वतः मारलेली. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा तुर्भ्याच्या भंगारवाल्यांकडे कोणाला दिसला तर कृपया कळवा. मागतील ते पैसे देऊन मी तो परत घेईन.