जर्मनीत नर्स म्हणून कायमचं राहायचं, तर कुठला कागद आधी काढायचा?

महाराष्ट्राने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून जर्मनीला यायचं कसं हे सांगणारे पुष्कळ झाले. इथे आधीच ड्यूट्या करणाऱ्या नर्सला मात्र वेगळाच प्रश्न पडलेला असतो. कायमचं राहायला वाटा तीन आहेत, आणि माझं मत आधीच सांगते: पहिल्यांदा निडरलासुंग काढा, मुदत भरली की लगेच.

निडरलासुंग म्हणजे जर्मनीपुरता कायम वास्तव्याचा परवाना. कुशल कामगाराच्या परवान्यावर ३ वर्षं, पेन्शन विम्याचे ३६ हप्ते, बी१ पातळीचं जर्मन आणि ‘लेबेन इन डॉइचलांड’ ही जर्मनीतल्या कायद्याची आणि समाजजीवनाची परीक्षा, ज्यात ३३ पैकी १५ उत्तरं बरोबर यावी लागतात. वॉर्डात त्याच्या वरच्या बी२ पातळीचं जर्मन बोलणारीला यातलं काहीच जड नाही. घोळ होतो तो ३ वर्षं मोजण्यात. ती विमानतळावर उतरल्यापासून मोजत नाहीत. अनएरकेनुंग, म्हणजे आपल्या नर्सिंग पदवीला इथली मान्यता, पूर्ण होऊन उरकुंडे, म्हणजे त्याचं प्रमाणपत्र, हातात आली की त्यावर जो नवा परवाना मिळतो, तिथून मोजणी सुरू होते. त्याआधी हेल्परच्या पगारावर मान्यतेच्या परीक्षेच्या तयारीत काढलेले महिने या ३ वर्षांत येत नाहीत. त्या पगारातून कापलेले पेन्शनचे हप्ते मात्र ३६ मध्ये धरतात. माझी उरकुंडे आली तेव्हा नाइट ड्यूट्यांच्या गडबडीत परवाना बदलून घ्यायला मी चार महिने लावले. ते चार महिने गेले ते गेलेच. तुम्ही असं करू नका.

इथेच तीन वर्षांचं आउसबिल्डुंग, म्हणजे नर्सिंगचं प्रशिक्षण, केलेल्यांना त्यानंतर २ वर्षं आणि २४ हप्ते पुरतात.

दुसरी वाट दाउअरआउफएन्थाल्ट-ईयू, म्हणजे युरोपीय संघाचा (ईयूचा) कायम वास्तव्याचा परवाना. ५ वर्षं, ६० हप्ते, भाषा तीच. फी निडरलासुंगची ११३ युरो, याची १०९. मग दोन वर्षं जास्त थांबून मिळतं काय? निडरलासुंगवर असताना सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ जर्मनीबाहेर राहिलात, तर तो आपोआप रद्द होतो. ईयूवाला युरोपीय संघाबाहेर सलग १२ महिने टिकतो. आमच्या वॉर्डात कोल्हापूरची एक मुलगी आहे. वडिलांना अर्धांगवायू झाला म्हणून ती बिनपगारी रजा घेऊन गेली. पाचव्या महिन्यात वडील काठीच्या आधाराने उभं राहायला शिकत होते, आणि ही भिंतीवरच्या कालनिर्णयवर दिवस मोजत होती. शेवटी त्यांना तसंच सोडून परत आली. निघण्याआधी आउसलेंडरबेहोर्डेकडे, म्हणजे परदेशी लोकांचे परवाने देणाऱ्या कार्यालयाकडे, अर्ज करून जास्त मुदत लेखी मागता येते, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

हे दोन्ही परवाने एकाच वेळी जवळ ठेवता येतात. जर्मनीच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २०१३ मध्येच तसा निकाल दिला आहे. म्हणून तिसऱ्या वर्षी एक आणि पाचव्या वर्षी दुसरा, हा क्रम मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. ईयूवाल्यावर संघातल्या इतर देशांत, आयर्लंड आणि डेन्मार्क सोडून, राहायला जाणं सोपं होतं. नर्सिंगची नोंदणी तिथे वेगळी करावी लागतेच.

तिसरी वाट नागरिकत्वाची. जून २०२४ पासून ५ वर्षं पुरतात. ३ वर्षांची झटपट सोय ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद झाली. फी २५५ युरो, ३३ प्रश्नांच्या परीक्षेत इथे १७ उत्तरं बरोबर हवीत. जर्मनी दुहेरी नागरिकत्व चालवून घेते, भारत नाही. भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो आणि हातात ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड उरतं. त्यावर मतदान नाही, शेतजमीन विकत घेणं नाही. वारसाने आलेली जमीन राहते, पण पुढे गावी परतून शेजारचं वावर घ्यायचा विचार असेल, तर आताच नीट बसून ठरवा. मुलं इथल्या शाळेत रुळली असतील, परतीचा विचारच नसेल, तर हीच वाट बरी.

यातलं काहीही ठरवा, आज एक काम करा. पेन्शन विम्याकडून तुमच्या हप्त्यांचा उतारा मागवा. तो फुकट मिळतो. नोकरी बदलली त्या महिन्यावर बोट ठेवून बघा, तिथे एखादा हप्ता गहाळ असू शकतो. अर्ज भरायच्या आधी तो दुरुस्त करून घ्या.