दोआई स्थानक : सात महिन्यांच्या वापरानंतर

नोकरीसाठी ताकासाकीला राहायला आलो आणि तानिगावा डोंगराच्या वाऱ्या सुरू झाल्या. गुन्मा प्रांताच्या उत्तर टोकाला, या डोंगराच्या पायथ्याशी असलेले दोआई हे रेल्वे स्थानक एप्रिलअखेरपासून नोव्हेंबरपर्यंत मी दर महिन्याला दोन-तीनदा वापरले. 'जपानमधले सर्वांत खोल स्थानक' एवढीच त्याची ख्याती सांगून बहुतेक जण थांबतात. मात्र नेहमीच्या वापरात जाणवते ती खोली नव्हे. एकाच नावाखाली येथे दोन निराळी स्थानके नांदतात, आणि आपल्या वाट्याला कोणते येईल हे आपण कोणत्या दिशेने प्रवास करतो यावर ठरते.

तोक्योच्या बाजूने, म्हणजे मिनाकामीला गाडी बदलून येणारा प्रवासी डाऊन मार्गावर असतो आणि त्याची गाडी बोगद्याच्या पोटातच थांबते. फलाटावर उतरून गाडी निघून गेली की दिव्यांचा पिवळसर उजेड, ठिबकणारे पाणी आणि ओल्या सिमेंटचा वास एवढेच उरते. ऑगस्टमध्येही तेथे अंगात जाकीट लागते. फलाटाच्या टोकाला एक सरळसोट जिना वर जातो आणि त्याचे वरचे तोंड खालून नाण्याएवढे दिसते. पायऱ्या 462, जिन्याची लांबी 338 मीटर. तो संपला की युबिसो नदी आणि रस्ता ओलांडणारी बंदिस्त वाट लागते व तिच्यात आणखी 24 पायऱ्या असतात. म्हणजे तिकीट तपासण्याच्या फाटकापर्यंत एकूण 486. फलाट आणि स्थानकाची इमारत यांच्या उंचीत सुमारे 70 मीटरचा फरक आहे. पुणेकरांना पायऱ्यांच्या हिशेबाने सांगायचे तर पाठीवर सॅक घेऊन जवळजवळ पावणेपाच वेळा पर्वती चढायची. पायऱ्यांवर खालपासून आकडे रंगवलेले आहेत. पहिल्या खेपेला त्यांचा आधार वाटला, पाचव्या खेपेपासून मी ते पाहणे सोडले. जिना एकदम उभा नाही, दर पाच पायऱ्यांनंतर सपाट टप्पा येतो, आणि नेमकी त्यामुळेच चढण्याची लय मोडते. मला वर यायला बारा मिनिटे लागतात. उन्हाळ्यात वरच्या दमट हवेत पाऊल टाकताच चष्म्याच्या काचा धुक्याने भरतात आणि क्षणभर काहीच दिसत नाही.

जिन्याला लागून पायऱ्या नसलेला एक रिकामा पट्टा खालपासून वरपर्यंत गेला आहे. पुढेमागे सरकता जिना बसवता यावा म्हणून ती जागा राखून ठेवली होती; तो कधीच बसवला गेला नाही.

ही विचित्र रचना कोणाच्या लहरीतून झालेली नाही. जोएत्सु मार्गावरचा 9,702 मीटरचा शिमिझु बोगदा 1931 साली खुला झाला तेव्हा तो जपानमधला सर्वांत लांब बोगदा होता, आणि धुराने प्रवासी गुदमरू नयेत म्हणून त्या घाटातली वाहतूक आरंभापासून विजेवर चालवण्यात आली. दोआई त्या वेळी एकेरी मार्गावरचे, गाड्यांना एकमेकींना वाट देण्यासाठीचे ठाणे होते. 1936 मध्ये त्याला स्थानकाचा दर्जा मिळाला. मार्गाचे दुहेरीकरण करताना जुन्या बोगद्याला समांतर दुसरा खणण्याऐवजी, चढ कमी ठेवण्यासाठी खालच्या पातळीवरून 13,490 मीटरचा नवा शिमिझु बोगदा काढला आणि 1967 मध्ये डाऊन गाड्या त्यातून धावू लागल्या. जुना मार्ग अप गाड्यांकडे राहिला. खालचा फलाट 1967 चा आणि वरचा मार्ग 1931 चा आहे तो यामुळे, आणि मधला जिना ही त्या छत्तीस वर्षांमधली जोडणी आहे.

त्या काळी रात्रीच्या गाड्यांनी गिर्यारोहकांचे तांडे येथे उतरत. कर्मचारी असताना डाऊन गाडीसाठीचे फाटक ती गाडी सुटण्याच्या दहा मिनिटे आधीच बंद करत, कारण त्यानंतर निघालेला माणूस खाली वेळेत पोहोचणे शक्यच नसे. 1982 मध्ये जोएत्सु शिनकानसेन ही बुलेट ट्रेन सुरू झाली, दूरच्या प्रवाशांनी तिची वाट धरली आणि 1985 पासून दोआईला कर्मचारी नाहीत. आता दोन्ही दिशांना दिवसाकाठी जेमतेम पाच-सहा गाड्या थांबतात.

फाटकाच्या त्या नियमामागचे शहाणपण मला ऑक्टोबरमध्ये कळले. डोंगरावरून उतरलो, एरवी परतताना जातो तसा सवयीने वरच्या मोकळ्या फलाटावर जाऊन बसलो आणि जवळचा भात खाऊ लागलो. त्या दिवशी मला घरी नव्हे, उलट दिशेला एचिगो-युझावाच्या गरम पाण्याच्या कुंडांवर जायचे होते, हे गाडीला सात मिनिटे उरली असताना आठवले. डबा तसाच सॅकमध्ये कोंबून धावलो. शेवटच्या शंभरएक पायऱ्या उरल्या होत्या, तोच बोगद्यातून गार वाऱ्याचा झोत अंगावर आला, मागून घरघर ऐकू आली आणि मी पोहोचेपर्यंत शेवटच्या डब्याचा लाल दिवा अंधारात शिरत होता. पुढच्या गाडीला काही तास अवकाश होता. दोष सर्वस्वी माझाच. वेळापत्रक भिंतीवर स्वच्छ लिहिलेले आहे.

वरच्या स्थानकाबद्दल सांगण्यासारखे थोडे आहे. डोंगराच्या आकाराचे त्रिकोणी छप्पर, ऐसपैस रिकामा दिवाणखाना आणि मागे झाडीतला साधा फलाट. शहरातले प्रवासी कार्ड येथे चालत नाही, तेव्हा तिकीट आधीच काढून निघावे.

ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांना माझा सल्ला असा की, येताना शिनकानसेनने जोमो-कोगेनला उतरून बसने तानिगावा डोंगरावर नेणाऱ्या रोपवेपर्यंत यावे आणि परतताना मात्र दोआईच्या वरच्या फलाटावरून गाडी पकडावी. पायऱ्या पूर्णपणे वाचतात. शिवाय अप गाडी युबिसोला उतरताना डोंगराच्या आत एक पूर्ण वेढा घेते. त्या बोगद्यात शिरण्याआधी खिडकीतून खाली पाहिले, तर थोड्याच वेळाने आपण ज्यांच्यावरून जाणार आहोत ते रूळ दरीत आधीच दिसतात.