डेबियन: सेकंडहँड लॅपटॉपवरची सात वर्षं

२०१८ साली कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दुकानातून अकरा हजारांना जुना लॅपटॉप घेतला. चार जीबी रॅम, बॅटरी मेलेली. विंडोज चालू होईस्तोवर माझा चहा पिऊन व्हायचा, म्हणून डेबियन ९ टाकलं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटातली लिनक्स सिस्टिम. उद्यमनगरात लेथवर आयुष्य गेलेल्या आमच्या अण्णांनी एवढंच विचारलं, "फुकट हाय न्हवं? मग बिघडलं तर वरडायचं कुणावर?"

पहिल्याच रात्री वाय-फाय गायब. सिस्टिमचे निरोप दाखवणाऱ्या डीमेसेज कमांडनं फर्मवेअरची, म्हणजे वाय-फायचं कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, कुठली फाइल सापडत नाही ते नावासकट सांगितलं. ज्याचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, खुला नाही ते इन्स्टॉलरमध्ये घालायचं नाही, असा डेबियनचा तेव्हा शिरस्ता. मोबाइल यूएसबीनं जोडून नेट घेतलं, सॉफ्टवेअर कुठून घ्यायचं त्या यादीत, म्हणजे सोर्सेस-लिस्टमध्ये, 'नॉन-फ्री' शब्द वाढवला, फर्मवेअरचं पॅकेज टाकलं. पहाटेचे अडीच वाजले. २०२३च्या डेबियन १२ पासून फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येतं. नव्या पोरांची मजा गेली, दुसरं काय.

असले घोळ पुढं कामाला आले. इंटरव्ह्यूत विचारलं: डिस्कवरची जागा सांगणारी डीएफ कमांड म्हणतेय डिस्क भरली, फाइलींची जागा मोजणाऱ्या डीयूनं मोजलं तर निम्मीसुद्धा नाही, जागा गेली कुठं? हे मी घरीच करून बसलो होतो. फुगलेली लॉग फाइल डिलीट केली होती, पण ती उघडून बसलेला प्रोग्रॅम चालूच होता. तो सोडत नाही तोवर जागा मोकळी होत नाही. कुठल्या प्रोग्रॅमनं कुठली फाइल उघडलीय ते दाखवणाऱ्या एलएसओएफनं त्याला शोधायचं आणि रीस्टार्ट करायचं. सर्टिफिकेटांची फाइल पिशवीतून बाहेर काढायची वेळच आली नाही.

खरी गंमत सोर्सची. एका छोट्या टूलमध्ये मराठी नावांच्या फाइली आल्या की रकाने वाकडे छापले जायचे. एप्ट सोर्स या कमांडनं त्याचा कोड उतरवला. बघतोय तर अक्षरांची रुंदी म्हणून बाइट मोजलेले! यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचा 'क' तीन बाइटचा, त्याचा उकारही तीन; पडद्यावर मात्र 'कु' एकाच अक्षराची जागा घेतो. चार ओळींचा पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, बग रिपोर्टला जोडून ईमेलनं पाठवला, दोन महिन्यांनी तो घेतला गेला. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना नंबर देणारं मानक, कॉलेजात पाठ केला होता, कळला इथं. दुसऱ्याच्या कोडला हात लावायची भीती तिथंच गेली, आणि आज माझ्या पगाराचं निम्मं काम तेच आहे.

तक्रारी आहेत. स्टेबल, म्हणजे तपासून पक्की केलेली आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते, त्यामुळं पॅकेजं शिळी वाटतात. नवं नोड (जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) पाहिजे तर वेगळी खटपट. जुन्या फॉन्टातल्या मराठी फाइली उघडल्या की नुसती गिचमिड. पण ९ पासून १२ पर्यंत एकदाही फॉरमॅट न मारता आलोय. पाचापैकी साडेचार.

अण्णांच्या बिलिंगच्या कॉम्प्युटरवर मात्र विंडोजच ठेवलंय. त्यांचं बिलिंगचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कशावर चालत नाही, आणि ते बिघडलं की वरडायला मी घरातच आहे.