जिनिंगच्या आवारात येलिंक टी३१पी : एका इंटरनेट-फोनचे परीक्षण

वर्धा जिल्ह्यातील आमच्या जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात कचेरी, वजनकाटा, ग्रेडरची खोली, जिन हाउस, प्रेस हाउस आणि फाटक ही ठिकाणे बरीच विखुरलेली आहेत. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली, की प्रत्येक जण आपापल्या मोबाईलवरून दुसऱ्याला शोधत असतो आणि नेमका हवा तो माणूस त्या वेळी दुसऱ्याच कोणाशी तरी बोलत असतो. या अडचणीवर उपाय म्हणून येलिंक कंपनीचे टी३१पी हे नेटवर्कच्या तारेवर चालणारे टेबलफोन आम्ही बसवले. बाहेरचे फोन स्वस्तात व्हावेत एवढ्यासाठी हा फोन घेण्यात फारसे हशील नाही, कारण तेवढे काम मोबाईल करतोच. आवारातल्या आवारात फोन खात्रीने लागावा यासाठी मात्र तो घ्यावा, असे माझे मत आहे.

टी३१ या नावाने या कंपनीचे एकसारखे दिसणारे अनेक फोन मिळतात आणि मागवताना शेवटच्या अक्षराकडे लक्ष दिले नाही तर भलताच फोन हाती पडतो. नुसत्या टी३१ ला वीज अडॅप्टरमधूनच द्यावी लागते, ‘पी’ असलेल्याला ती नेटवर्कच्या तारेतूनही मिळते, ‘जी’ मध्ये गिगाबिट पोर्ट असतात आणि ‘डब्ल्यू’ मध्ये वायफाय असते. फोनचा पडदा २.३ इंचांचा, एकरंगी, प्रकाश असलेला आणि १३२ गुणिले ६४ बिंदूंचा आहे. मोबाईलच्या पडद्याची सवय झालेल्या तरुण कारकुनाला तो जुनाट वाटतो. आमच्या मुनीमजींना मात्र त्यावरचे आकडे चष्मा न लावता वाचता येतात आणि माझ्या मते तो निकष अधिक महत्त्वाचा आहे. पडद्याखाली चार बटने आहेत, त्यांचा अर्थ प्रसंगानुसार बदलतो आणि तो वरच पडद्यावर दिसतो. फोन येत असताना तीच बटने ‘उचला’ आणि ‘नाकारा’ यांसाठी असतात, तर बोलणे सुरू असताना त्यांचा उपयोग फोन थांबवून ठेवण्यासाठी किंवा पुढे देण्यासाठी होतो.

सर्वांत जास्त वापरली जाणारी सोय म्हणजे फोन दुसऱ्याकडे सोपवणे. शेतकऱ्याचा फोन कचेरीत येतो, “भाऊ, माझी गाडी काट्यावर लागली का?” मुनीमजी तो फोन थांबवून ठेवतात, काट्याचा तीन आकडी क्रमांक लावतात, तिथल्या माणसाला आधी विचारतात आणि मगच शेतकऱ्याला त्याच्याशी जोडून देऊन आपण मोकळे होतात. न विचारता सरळ पुढे ढकलून देण्याचीही सोय आहे, पण काट्यावरचा माणूस गाडीखाली वाकलेला असेल तर तो फोन वाजत राहतो आणि शेतकरी चिडतो. गाडीतल्या कापसाचा ओलावा बारा टक्क्यांच्या वर निघाला, की ग्रेडर, कचेरी आणि मालक यांच्यात तिहेरी बोलणे होतेच. अशा वेळी फोनमधली संमेलनाची सोय कामी येते. पाच जणांपर्यंतचे बोलणे हा फोन स्वतःच जोडतो, त्यासाठी वेगळी सेवा घ्यावी लागत नाही.

दोन खात्यांच्या, म्हणजे एकाच फोनची दोन वेगळ्या सेवांवर नोंदणी करण्याच्या, सोयीचा उल्लेख जाहिरातीत ठळक असतो. एका खात्यावर आवारातली अंतर्गत यंत्रणा आणि दुसऱ्यावर बाहेरची सेवा, अशी विभागणी करता येते. मात्र लाइनची बटने दोनच आहेत. कोण बोलत आहे आणि कोण मोकळा आहे हे दिव्याने दाखवण्याचे काम त्या बटनांना देता येते, पण दोन दिव्यांत सहा ठिकाणांची खबर मावणार कशी? केवळ फोन घेऊन पुढे देण्यासाठी एखादा माणूस बसवायचा असेल, तर त्याच्या टेबलावर जास्त बटनांचा वरच्या श्रेणीतला फोन ठेवावा.

आता विजेविषयी, कारण आमच्याकडे फोनचा निकाल तिथेच लागतो. नेटवर्कच्या तारेतून वीज देण्याचे ८०२.३एएफ हे मानक २००३ सालचे आहे आणि त्यात स्विचच्या, म्हणजे सगळ्या फोनांच्या तारा जिथे एकत्र येतात त्या पेटीच्या, एका पोर्टवर कमाल १५.४ वॅट मिळतात. हा फोन त्यातला अगदी थोडा भाग घेतो. म्हणून प्रत्येक टेबलावर बॅटरी ठेवण्याऐवजी कचेरीतला असा एक स्विच आणि फायबरचे मोडेम इन्व्हर्टरवर घेतले, की वीज गेल्यावरही सगळे फोन चालू राहतात. विदर्भातल्या ग्रामीण फीडरवर दिवस काढणाऱ्याला या एका गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको. ‘पी’ अक्षराचा फोन घेऊन तारेतून वीज न देणारा साधा स्विच लावला, तर मात्र ही सगळी सोय वाया जाते आणि अडॅप्टर वेगळे शोधावे लागतात.

नेटवर्कच्या तांब्याच्या तारेची मर्यादा १०० मीटर आहे. कचेरीपासून फाटकापर्यंतचे आमचे अंतर त्याहून जास्त असल्यामुळे तिथे ऑप्टिकल फायबर टाकून फाटकाच्या खोलीत वेगळा छोटा स्विच बसवावा लागला. त्याला वीजही तिथेच द्यावी लागते, कारण फायबरमधून वीज जात नाही. तांब्याची तार खांबांवरून उघड्यावर नेण्याचा मोह होतो, पण जून महिन्यातल्या विजांच्या कडकडाटात अशी तार जवळपास पडलेल्या विजेचा झटका थेट स्विचपर्यंत आणते. फायबरला ते भय नाही. जुन्या जिनिंगमध्ये हा खर्च फोनांच्या किमतीपेक्षा अधिक होऊ शकतो, तो आधीच धरून चालावे.

फोनच्या पाठीमागे नेटवर्कचे दोन पोर्ट आहेत, त्यामुळे एकाच तारेवर फोन आणि त्याच्यामागे संगणक चालतो. हे पोर्ट १०/१०० मेगाबिटचे आहेत, गिगाबिटचे नाहीत. काटापट्ट्या छापण्यासाठी आणि हिशेबासाठी तो वेग पुरतो. मोठ्या फाइलींची ये-जा असलेल्यांनी ‘जी’ घ्यावा.

आवाज चांगला आहे, पण चांगला म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. आवाजाचे आकड्यांत रूपांतर करण्याच्या जी.७११ या नेहमीच्या पद्धतीत एका बोलण्याला प्रत्येक दिशेने सुमारे ८७ किलोबिट प्रतिसेकंद लागतात, तर जी.७२९ मध्ये सुमारे ३१. म्हणजे चार बोलणी एकाच वेळी चालू असली तरी अर्ध्या मेगाबिटच्या आत काम होते आणि गावातल्या कोणत्याही फायबर जोडणीला ते जड नाही. अडचण वेगाची नसून आवाजाचे तुकडे वाहून नेणारी पाकिटे उशिरा आणि अनियमित पोहोचण्याची असते. एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी सर्वमान्य शिफारस आहे. फायबर बंद पडून मोबाईलच्या डेटावर आले, की हे गणित बिघडते आणि दोघे जण एकाच वेळी बोलू लागतात. आपल्याला समोरच्याचे ऐकू येते पण त्याला आपले नाही, ही तक्रार तर राऊटरमुळेच जास्त होते; इंटरनेट-फोनच्या संदेशांत फेरफार करणारी त्यातली ‘सिप एएलजी’ ही सोय बंद केल्यावर ती बहुधा मिटते.

म्हणूनच फोन एकमेकांना जोडून देणारी मध्यवर्ती यंत्रणा कुठे ठेवायची, हा प्रश्न फोनच्या निवडीपेक्षा मोठा आहे. ती दूरच्या सर्व्हरवर असली, तर इंटरनेटचे फायबर तुटताच कचेरीतून शेजारच्या काट्यावरही फोन लागत नाही. एखाद्या जुन्या संगणकावर ॲस्टेरिस्क ही फुकट मिळणारी प्रणाली टाकून ती आवारातच ठेवली, तर बाहेरचा संपर्क तुटूनही आतले फोन वाजत राहतात. आम्ही दुसरा मार्ग धरला. तो धरणाऱ्याने फोनचा आणि यंत्रणेचा कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा आणि परदेशी फोन बंद करून ठेवावेत, कारण इंटरनेटवर उघड्या राहिलेल्या अशा यंत्रणा हुडकून दुसऱ्याच्या खर्चाने फोन करणाऱ्यांची कमतरता नाही. बाहेरच्या नंबरांसाठी जोडणी परवानाधारक दूरसंचार कंपनीकडूनच घ्यावी.

जिन हाउसमध्ये यंत्रे चालू असताना या फोनची घंटा ऐकू येत नाही, आणि त्या गोंगाटात टेबलावरचा कोणताही फोन ऐकू येईल असे वाटत नाही. तिथे तो लाइनमनच्या काचबंद खोलीत भिंतीवर लावणे बरे. भिंतीचा ब्रॅकेट मात्र वेगळा मागवावा लागतो. उडणारी रुई रिसीव्हरच्या बारीक भोकांत आणि बटनांच्या फटींत बसते. ती फुंकरीने आणखी आत जाते, म्हणून रंगकामाचा कोरडा मऊ ब्रश फोनजवळच अडकवून ठेवला आहे. हेडसेटचे भोक वापरात नसेल तर त्यावर चिकटपट्टी लावून टाकावी.