स्कॅनएफ, एफगेट्स की गेटलाइन: टर्मिनलवर ओळ वाचायची कशाने?

नागपूरच्या कळमना मार्केटमधल्या एखाद्या आडत्यासाठी सी भाषेत छोटासा नोंदींचा प्रोग्राम लिहायचा आहे, असं समजा. काळ्या स्क्रीनवर तीनच प्रश्न: शेतकऱ्याचं नाव, गाव आणि संत्र्याचं वजन किलोत. टाइप करणारा मुनीम घाईत आहे, बाहेर गाड्यांची रांग लागली आहे. कीबोर्डवरचा मजकूर आत घ्यायला कोणतं फंक्शन धरावं?

गेट्स हे जुनं फंक्शन तर विचारातही घेऊ नका. मजकूर साठवायचा ॲरे केवढा आहे हे त्याला सांगायची सोयच नाही. समोरचा जेवढं टाइप करेल तेवढं ते मेमरीत ओततं. १९८८ च्या मॉरिस वर्म या नेटवर्कवर पसरणाऱ्या प्रोग्रामनं फिंगर सर्व्हरच्या ५१२ बाइटच्या बफरवर (मजकूर ठेवायच्या जागेवर) हाच डाव साधला होता. २०११ च्या सी मानकातून ते हद्दपारच झालं. टर्बो सी या जुन्या कंपायलरच्या काळातल्या नोट्समध्ये मात्र ते अजून सापडतं, आणि झेरॉक्सच्या दुकानातून पुढच्या बॅचच्या हाती पडतं.

स्कॅनएफ सगळ्यांना आधी शिकवतात, म्हणून हात तिकडेच जातो. शब्द वाचायची खूण म्हणून नुसतं परसेंट एस लिहिलं तर ते गेट्सइतकंच बेफाम. २० बाइटच्या ॲरेसाठी मध्ये १९ ची मर्यादा घातली की मेमरी वाचते, पण बाकीचा त्रास राहतोच. ‘रामराव ठाकरे’ टाइप केलं की ते ‘रामराव’वर थांबतं आणि ‘ठाकरे’ गावाच्या रकान्यात जाऊन बसतो. वजनाच्या जागी कुणी ‘दोनशे’ लिहिलं, तर आकडा वाचणारं परसेंट डी ते उचलत नाही आणि टाकूनही देत नाही. परत आलेली किंमत न तपासता लूप लावला असेल, तर तोच प्रश्न स्क्रीनवर धडाधड उमटत राहतो. त्यावर तोडगा म्हणून, अडकलेलं इनपुट फेकून द्यायला एफफ्लश एसटीडीइन सुचवतात. इनपुटवर ते वापरल्यास काय व्हावं, हे सीच्या मानकानं ठरवलेलंच नाही. ठरावीक साच्यातली फाइल वाचायची असेल तर स्कॅनएफ ठीक. माणूस टाइप करणार असेल तर नको.

एफगेट्सची रीत वेगळी: आधी अख्खी ओळ घ्या, अर्थ नंतर लावा. त्याला आकार सांगावा लागतो, आणि मजकूर संपल्याची खूण असलेल्या शेवटच्या शून्यासाठी एक बाइट राखून ते उरलेल्या जागेत वाचतं. एंटरचं चिन्हही सोबत येतं. ते शोधून काढायला स्ट्रसीएसपीएन हे फंक्शन वापरा. बरेच जण डोळे मिटून शेवटचं अक्षर कापतात. फाइलच्या शेवटच्या ओळीला एंटर नसलं की त्यात खरं अक्षर जातं.

मराठीत लिहिणाऱ्यानं इथे जास्त सावध राहायला हवं. यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा आणि हलन्तसुद्धा, ३ बाइट घेतं. ‘नागपूर’चे १८ बाइट, एक एंटर, एक शून्य: २० चा ॲरे काठोकाठ भरतो. काटोल, नरखेडही सुखरूप जातात. मग येतो कळमेश्वरचा शेतकरी. २४ बाइट. एफगेट्स १९ बाइट उचलतं, म्हणजे ‘कळमेश्’ आणि ‘व’चा एक तृतीयांश तुकडा, उरलेलं सगळं वजनाच्या प्रश्नाला उत्तर म्हणून जातं. मेमरीला धक्का नाही, पण नोंद गेली ना बापा! म्हणून बफर ऐसपैस ठेवा, २५६ तरी. ओळीत एंटर सापडलं नाही तर ती लांब आहे असं समजून एंटर किंवा इनपुटचा शेवट येईपर्यंतचं उरलेलं वाचून टाका, आणि गाव पुन्हा विचारा. हे एकेक बाइट वाचणाऱ्या गेटचारनं करताना व्हेरिएबल इंट (int) प्रकाराचं हवं, चार (char) प्रकाराचं नको. नाहीतर इनपुट संपल्याची खूण ओळखताना घोळ होतो.

गेटलाइन हा सगळा व्याप वाचवतं. पॉइंटर (मेमरीतला पत्ता) नल म्हणजे रिकामा आणि आकार शून्य दिला की लागेल तेवढी जागा ते स्वतः घेतं. शेवटी ती जागा फ्री करायची, म्हणजे परत द्यायची, तेवढं लक्षात ठेवा. युनिक्सछाप सिस्टीमच्या पॉझिक्स मानकात ते २००८ पासून आहे, त्यामुळे लिनक्सवर निर्धास्त वापरा. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये ते नाही, आणि आडत्याकडे विंडोजचा पीसी असेल तर विषय तिथेच संपला. शिवाय वरची मर्यादा नसल्यानं, दुसऱ्या प्रोग्रामकडून पाइपमधून एंटर नसलेला मजकूर अखंड येत राहिला तर मेमरी फुगत जाते.

मुनीम दिवसभर तिथेच बसणार असेल तर रीडलाइन लायब्ररीचा विचार करा. बाणांच्या कळांनी मागच्या नोंदी परत येतात, ओळीच्या मधोमध दुरुस्ती करता येते. ती नसताना वरचा बाण दाबला की स्क्रीनवर नुसता कचरा उमटतो. पण तिचा परवाना जीपीएल आहे. प्रोग्राम सोर्सशिवाय विकायचा असेल तर बीएसडी परवान्याची लिबएडिट बघा.

ओळ कशानंही घेतली तरी वजनाचा आकडा स्ट्रटॉलनं काढा, एटूआयनं नाही. ‘दोनशे’ला एटूआय गुपचूप शून्य म्हणतं; स्ट्रटॉल वाचन कुठे थांबलं ते सांगतं, आणि आकडा आवाक्याबाहेर गेला तर एर्नो या चुका नोंदवायच्या व्हेरिएबलमध्ये तशी नोंद ठेवतं. मात्र मुनीमानं मराठी कीबोर्डवरून ‘२००’ टाइप केलं तर स्ट्रटॉललाही त्यात आकडा दिसत नाही. ते आधी इंग्रजी आकड्यांत बदलून घ्यावं लागतं. पायथन ३ च्या इंट फंक्शनला मात्र ‘२००’ म्हणजे दोनशेच. सीची सक्ती नसेल, तर एवढ्या कामाला मी पायथनच घेईन.