ब्रुजला चॉकलेट घेणार असाल तर आधी हे वाचा

रागाच्या भरात लिहितेय, पण आकडे सगळे पावतीवरचे आहेत.

बेल्जियममधल्या ब्रुज शहरात मार्क्ट चौकाजवळच्या गल्लीतलं दुकान. काचेमागे पांढरा एप्रन घातलेला माणूस संगमरवरी ओट्यावर वितळलेलं चॉकलेट पसरत होता. चाखायला दिलेलं प्रालिन, म्हणजे आत मऊ सारण भरलेलं चॉकलेट, जिभेवर ठेवताच विरघळलं. मी काउंटरवरची निवडायला लागले, तर विक्रेता म्हणाला, "भारतात नेणार ना? ही दोन-तीन आठवडेच टिकतील. हाच माल प्रवासासाठी पॅक केलेला आहे." आणि खालून रिबीन बांधलेले अर्ध्या किलोचे चार डबे काढले. ३९ युरोला एक, एकूण १५६.

इथेच मला कळायला हवं होतं! ताजा माल तीन आठवड्यांत खराब होतो आणि तोच माल डब्यात भरला की जास्त टिकतो? दर दिवाळीला लाडू-करंज्या करणाऱ्या बाईला हे समजू नये? डबा हातात होता. तळाच्या रिबिनीखालून लेबलाचा पांढरा कोपरा डोकावत होता. अंगठ्याने रिबीन सरकवली असती तरी पुरे होतं. पण मागे रांग, विक्रेता घाई करतोय, ब्रसेल्सची गाडी गाठायची. आणि १९१२ मध्ये प्रालिन ज्या देशात जन्मलं, तिथे कोण कशाला संशय घेईल?

पैसे घेतानाही तेच. कार्डाचं मशीन त्याच्याच हातात. पैसे युरोत की रुपयांत, असं त्यावर विचारतात, तिथे रुपयांचं बटण त्यानेच दाबलं. बाजारात युरो ९० च्या आसपास असताना ९६ चा दर लागला. १४,९७६ रुपये गेले, त्यातले ९३६ नुसते दरातले. कार्ड वापरताना नेहमी युरोच निवडा आणि बटण स्वतः दाबा.

वाटेतलं गेंट स्टेशन येईपर्यंत ह्यांनी एक डबा उघडला. आत कोकोची भुकटी लावलेले ट्रफल, टाळूला मेणासारखे चिकटणारे. घटकांत सगळ्यात आधी पाम तेल. युरोपच्या नियमानुसार चॉकलेटमध्ये कोको बटरशिवाय दुसरी वनस्पती चरबी ५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. म्हणूनच डब्यावर 'चॉकलेट' हा शब्द कुठेच नव्हता. वापरण्याची मुदत पुढच्या वर्षीची.

गेंटला उतरून परत गेलो. दुकानात उत्तर मिळालं, खाद्यपदार्थ परत घेत नाही. पोलीस चौकीत पाऊण तास बसवलं आणि सांगितलं, लेबल खरं आहे, मग गुन्हा कसला? अहो, तोंडी काय सांगून विकलं ते कोणी ऐकूनच घेईना! ग्राहक तक्रारीचा अर्ज ऑनलाइन भरा म्हणाले. भरला, दोन महिने झाले, पोच सोडून काही नाही. इथल्या बँकेत तीन फेऱ्या मारल्या. तिथला साहेब म्हणतो, "मॅडम, पिन तुम्हीच टाकलात." पिन टाकला म्हणजे फसवायची परवानगी दिली का?

सुटं, तुमच्यासमोर वजन करून भरलेलं तेवढंच घ्या. डबा उलटा करून मुदत आणि पहिला घटक वाचा, रांगेतले कितीही चुळबुळ करोत.

नणंदेला आणि जाऊबाईंना काही दिलं नाही. तीन डबे कपाटात आहेत, रिबिनीसकट, पुरावा म्हणून.