फायब्रोस्कॅन: तपासणी झकास, रिपोर्ट मुका

आमच्या ह्यांच्या सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं, म्हणून डॉक्टरांनी फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी, लिहून दिला. कोथरूडच्या एका सेंटरमध्ये केला. आधी किमान तीन तास उपाशी राहायचं, बाकी पथ्य नाही. उताणं झोपून उजवा हात डोक्यामागे, बरगड्यांमध्ये गार जेल आणि बारीक ठोके, निदान दहा. ह्यांनी हूं की चूं केलं नाही.

तिथली टेक्निशियन मुलगी गुणी, तिनं सगळं समजावलं. चरबीनं जेरीस आलेल्या यकृतपेशी रासायनिक निरोप सोडतात. मग शेजारच्या कुप्फर पेशी, म्हणजे यकृतातल्या पहारेकरी पेशी, टीजीएफ-बीटा नावाचं प्रथिन सोडतात. त्यानं स्टेलेट पेशी, ज्या एरवी अ जीवनसत्त्व साठवून गप्प असतात, त्या चेकाळतात आणि कोलॅजन, म्हणजे चिवट धाग्यांचं प्रथिन, बनवू लागतात. यकृत कडक होतं ते असं. "म्हणजे शेजारणीनं कान भरले!" इति हे. हे निरोप मशीनला ऐकू येत नाहीत बरं का. कडक यकृतातून ठोक्याची लहर जास्त वेगानं जाते, तो वेग मोजून आकडा किलोपास्कलमध्ये देतात. चरबीचा आकडा वेगळा.

ह्यांचा कडकपणाचा आकडा आला 6.1. डॉक्टर म्हणाले, काळजी नको, वजन उतरवा.

तक्रार एकच: रिपोर्टवर नुसते आकडे, अर्थ शून्य. काउंटरवर विचारलं तर "डॉक्टरांना दाखवा" म्हणून वाटेला लावलं. पेशंट जाडजूड असेल तर एक्सएल प्रोब (जाड अंगासाठीचं, बरगड्यांवर टेकवायचं यंत्राचं टोक) आहे का, हे फोनवरच विचारून घ्या.